बिनठसक्याचा घास

डंडीत, टे नदीकाठच्या इस्पितळात, तळमजल्यावर
खिडकी नसलेल्या एका खोलीत
मी माणसांना आतून गिळताना पाहते.
सेकंदाला तीस चौकटी.
एक घास साधारण सेकंदभराचा.

दह्यात बेरियम कालवायचं, चमचा पुढे करायचा,
म्हणायचं, आता.
पडद्यावर दही काळं दिसतं.
जीभ ते मागे रेटते. गळ्यातलं नालेसारखं हाड,
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकलेलं,
वर उचलतं, पुढे सरकतं,
श्वासाच्या दारावर झाकण पडतं.
पडायला हवं.

इनिस पेट्री, वय चौऱ्याहत्तर. बंदरात क्रेन चालवायचे.
मेंदूत गुठळी, मग डावी बाजू सैल.
झाकण चार चौकटी उशिरा पडलं,
तेवढ्यात काळी रेघ श्वासनळीत उतरली
आणि ते खोकलेच नाहीत.
उलट माझ्याकडे बघून हसले:
"जमलं की नाही?"

ठसका लागणारा माणूस नशिबाचा.
घरचे धावतात, पाठ थोपटतात,
कुणीतरी आठवण काढली म्हणतात.
हे बिनठसक्याचे.
यांच्या फुप्फुसात न्याहारी गुपचूप साचत जाते,
ताप चढला की शेजारी म्हणतात, हवा बदलली.
आमचं संशोधन यांच्यावर.

तोवर चहात पावडर घालून तो दाट करायचा.
पहिला घोट घेऊन पेट्रींनी विचारलं,
"भिंतीला कागद कुठला लावायचाय?"
मला पतंगाची खळ आठवली. हसू गिळलं.
आम्ही मराठीत काय काय गिळतो,
राग, अपमान, अर्धं राहिलेलं वाक्य.
त्या वेळी झाकण कितव्या चौकटीला पडतं
कुणी मोजलेलं नाही.

उपचार असा: नाकातून घशात नळी, नळीवर दोन कड्या,
रोज दहा मिनिटं सौम्य वीज.
निम्म्यांना वीज, निम्म्यांना नुसती नळी.
कुणाला काय, ते पाकिटात बंद.
मला ठाऊक नाही. ठाऊक असूच नये.

तीन महिन्यांनी फिल्म येतात, नावं पुसून.
मी एक ते आठ गुण देते.
आठ म्हणजे खाली गेलं, आणि माणूस गप्प.

एकशे त्रेचाळीस नंबरच्या फिल्ममध्ये
मानेच्या पाचव्या मणक्यात दोन स्क्रू, एक तिरका.
सत्त्याऐंशी सालची गोष्ट, शिडीवरून पडल्याची,
मला सांगितलेली दोनदा,
दुसऱ्यांदा शिडी जरा उंच.

काळा घास आला. झाकण पडलं. वेळेवर.
मागे नेऊन पाहिलं. वेळेवर.
पुन्हा नेलं. पुन्हा नेण्याची गरज नव्हती.
बोट एकच्या आकड्यावर टेकलेलं,
ते उचललं.
ओळखीचा गळा आपण मोजायचा नसतो.
रकान्यात लिहिलं: परीक्षकाने रुग्ण ओळखला.
फिल्म इशबेलकडे गेली,
तिला अर्धी चौकटही माफ नसते.
बरं झालं, असं म्हणून मी खुर्ची मागे सरकवली,
आणि आवंढा गिळला, बेरियमशिवाय.

वीज होती की नुसती नळी,
दीड वर्ष तरी कळणार नाही.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये पेट्री दिसले.
डॉक्टरांनी पातळ चहा सुरू केलेला.
बाळाच्या पहिल्या भाताला उष्टावण म्हणतात,
या पहिल्या कपाला काय म्हणावं मला सुचेना.
सून म्हणत होती, हळू. त्यांनी ऐकलं नाही.
मोठा घोट, कडकडीत,
आणि लागला ठसका!
डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, टेबलावरचे कप हादरले,
सून उठून पाठीवर थापट्या मारतेय,
अख्खं कॅन्टीन वळून पाहतंय,
आणि मी ट्रे धरून एकटीच खूश.

कुणीतरी आठवण काढली असणार.
मी नाही.
मी तर नियमाप्रमाणे
त्यांना विसरले होते.